विदर्भातून कोकणातली बेटं पाहायला निघताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या दारव्हा तालुक्यातून समुद्र लांबच. मी आधी घरच्यांना घेऊन गाडीने कोकणात गेलो, मग भावकीला, मग शेजाऱ्यांना. तेव्हापासून लोक विचारतच असतात. आठवडी बाजारात भेटले की विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात, रात्री दहाला फोन करून विचारतात. तेच ते प्रश्न इथे विचारले तसेच लिहिले आहेत. घाई असेल तर बाकी सोडा, पण तारीख पक्की करण्याआधी प्रश्न ६ नक्की वाचा.

१. भाऊ, समुद्रातलं बेट म्हंजे नेमकं काय असते? तिथं पाह्यचं काय?

किनाऱ्यापासून थोडं आत, चारही बाजूंनी पाण्याने वेढलेला खडक किंवा जमिनीचा तुकडा म्हणजे बेट. कोकणातली जी बेटं आपल्यासारख्यांना जाऊन पाहता येतात, त्यातल्या बहुतेकांवर किल्ला आहे, म्हणून यादीत किल्लेच दिसतात. मालवणचा सिंधुदुर्ग कुरटे बेटावर आहे, मुरूडजवळ जंजिरा, हर्णैसमोर सुवर्णदुर्ग, अलिबागसमोर कुलाबा, थळच्या समोर खांदेरी. मुंबईजवळची घारापुरी वेगळी. तिथे सहाव्या शतकाच्या सुमाराची शैव लेणी आहेत आणि बेटावर गावंही आहेत. विरारजवळच्या अर्नाळ्यावर किल्ला आणि वस्ती दोन्ही आहेत.

किल्ल्याचा इतिहास आवडत नसला तरी जा. तटावर उभं राहिलं की चहूकडे फक्त पाणी दिसतं. आपल्या डोळ्यांना ते नवीन असतं. माझ्या चुलत्यांनी उभ्या आयुष्यात कपाशीचे तास मोजले. सिंधुदुर्गाच्या बुरुजावर ते पंधरा मिनिटं एक शब्द बोलले नाहीत. मग एवढंच म्हणाले, "याले बांधच नाही."

२. पहिल्यांदाच चाललो. कोणतं बेट धरू?

सिंधुदुर्ग. रस्त्याने तो सगळ्यात लांब पडतो, तरीही सिंधुदुर्गच. मालवणच्या धक्क्यावरून होडी मिळते, फेरी लहान असते, आणि आत पाहण्यासारखं भरपूर आहे. २५ नोव्हेंबर १६६४ ला शिवाजी महाराजांच्या हस्ते भूमिपूजन झालं आणि १६६७ मध्ये किल्ला उभा राहिला. तट सुमारे तीन किलोमीटर नागमोडी फिरतो. होडी अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा दिसतच नाही, दोन बुरुजांच्या वळणात तो लपलेला आहे. आत शिवराजेश्वराचं मंदिर आहे. तिथली महाराजांची मूर्ती दाढी नसलेली आहे, ती पाहून आपल्याकडची माणसं हमखास थबकतात. चुन्यात उमटलेले हाताचे आणि पायाचे ठसे घुमटीत जपून ठेवले आहेत. किल्ल्यात आजही काही कुटुंबं राहतात, तेव्हा त्यांच्या अंगणात शिरताना आपल्या गावात शिरतो तसं शिरा.

दिवस कमी असतील तर अलिबाग-मुरूड धरा. कुलाबा आणि जंजिरा एकाच रस्त्यावर आहेत आणि मधलं अंतर साधारण ५० किलोमीटर आहे.

३. आमच्याकडून रस्ता कोणता? समृद्धी की नांदेडवरून?

कुठे जायचं त्यावर आहे.

अलिबाग, मुरूड, हर्णै ही उत्तरेकडची बेटं असतील तर समृद्धी महामार्ग. नागपूरपासून भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत तो ७०१ किलोमीटर आहे आणि ५ जून २०२५ पासून पूर्ण खुला झाला. यवतमाळकडच्यांना धामणगाव किंवा कारंजा लाड जवळ पडतं, वाशीमवाल्यांना मालेगाव, बुलडाण्याच्या घाटावरच्यांना मेहकर. आमणेहून पुढे पनवेल, पेण, वडखळ करत अलिबाग. शेवटच्या या तुकड्याला तीन-चार तास हाताशी ठेवा, तिथली गर्दी समृद्धीसारखी नाही.

मालवण असेल तर यवतमाळ, उमरखेड, नांदेड, लातूर, तुळजापूर, सोलापूर, मिरज, कोल्हापूर असा रस्ता. तुळजापूरला भवानीचं दर्शन होतं आणि थोडी वाट वाकडी केली तर पंढरपूरही. म्हातारी माणसं या रस्त्याला कधी नाही म्हणत नाहीत. कोल्हापूरहून खाली उतरायला घाट लागतो, त्याचं प्रश्न १२ मध्ये.

समृद्धीवर दोन गोष्टी. दुचाकीला तिथे परवानगी नाही, त्यामुळे "आम्ही चार पोट्टे बुलेटवर निघतो" असं असेल तर रस्ता बदला. दुसरं म्हणजे टायर. कारला १२० ची मर्यादा आहे, पण आपली गाडी वर्षभर पांदण रस्त्याने आणि डांबरी खड्ड्यांतून चाललेली असते. झिजलेला किंवा बाजूने चिरलेला टायर सिमेंटच्या तापलेल्या रस्त्यावर तासन्‌तास त्या वेगाने टिकत नाही. निघण्याआधी पाचही चाकं बघा, स्टेपनी धरून. आणि रस्ता इतका सरळ आहे की डोळे उघडे असून माणूस पेंगतो. दर दोन तासांनी उतरून पाय मोकळे करा. दोन चालक असले तर उत्तमच.

४. सुट्टी किती टाकू?

अलिबाग-मुरूडला पाच दिवस, मालवणला सात. जाण्याचे दोन आणि येण्याचे दोन त्यातच. एका दमात अलिबाग गाठायचा हट्ट धरू नका. शिर्डी किंवा नाशिककडे मुक्काम करा, म्हणजे दुसऱ्या दिवशी दुपारी किनाऱ्यावर असाल. आणि एक दिवस रिकामा ठेवा. तो कशासाठी ते प्रश्न १८ मध्ये कळेल.

५. कोणत्या महिन्यात जावं? उन्हाळ्यात पोरायले सुट्ट्या असतात.

पावसाळ्यात जायचंच नाही. प्रवासी होड्या साधारण मे अखेरपासून ऑगस्ट अखेरपर्यंत बंद असतात, समुद्र खवळलेला असतो. कोळीबांधव नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहतात आणि मग होड्या पाण्यात जातात. त्यानंतरही थोडे दिवस जाऊ द्या.

आपल्या शेतीच्या हिशोबाने दोन वेळा सोयीच्या आहेत. सोयाबीन निघून दिवाळी झाली की एक, आणि तूर घरात आली की दुसरी, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारी. दुसरी मला जास्त आवडते. हवा कोरडी, समुद्र शांत, आणि दिवाळीची गर्दी ओसरलेली.

मे महिन्यात जाणाऱ्यांसाठी एक समजावणी. आपल्याकडे ४५ अंश आणि तिकडे ३४ म्हणून लोक थंड हवेला चालल्यासारखे निघतात. तिथे घाम वाळत नाही. अंगाला चिकटलेला सदरा सकाळी आठपासून रात्री झोपेपर्यंत तसाच राहतो. कूलरची सवय असलेल्याला तो ३४ चा आकडा आपल्या ४५ पेक्षा जड जातो. किल्ल्यावर सावलीही कमी. मे महिन्यातच जायचं असेल तर सकाळची पहिली होडी पकडा आणि अकराच्या आत परत या.

६. भरती-ओहोटी म्हंजे काय, अन् पाणी उतरते कवा हे गावात बसून कसं समजायचं?

या पानावरचं सगळ्यात महत्त्वाचं उत्तर हे आहे.

समुद्राचं पाणी दिवसातून दोनदा चढतं, ती भरती. दोनदा उतरतं, ती ओहोटी. किनाऱ्यावरची माणसं ओहोटीला सुकती असंही म्हणतात. भरतीपासून ओहोटीपर्यंत सहा तासांच्या थोडं वर जातात. आणि ही वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, कारण पाणी ओढणारा चंद्रही रोज तेवढाच उशिरा उगवतो. म्हणून "आज दहाला पाणी उतरलं होतं, उद्याही दहालाच जाऊ" हे चालत नाही.

आता आपल्या फायद्याची गोष्ट. भरतीची वेळ चंद्रावर, आणि चंद्राचा हिशोब म्हणजे तिथी. ती आपल्या घरोघरी भिंतीवर टांगलेली आहे. जुना ठोकताळा असा: तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणा, ती भरतीची वेळ. त्यात सहा तास आणि वर दहा-बारा मिनिटं मिळवा, ती ओहोटीची.

पंचमी घ्या. पाच गुणिले पाऊण, पावणेचार. पहाटे पावणेचारला भरती, म्हणजे दहाच्या सुमारास ओहोटी. अष्टमीला सहाला भरती, दुपारी बाराला ओहोटी. एकादशीला सव्वाआठला भरती, दुपारी अडीचला ओहोटी. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशोब तोच. पौर्णिमा आणि अमावास्येला १५ धरले तर उत्तर सव्वाअकरा येतं, पण प्रत्यक्षात पाणी बाराच्या आसपास भरतं. एवढा फरक धरूनच चाला. हा ठोकताळा मुंबई-अलिबागकडचा आहे. दक्षिणेला मालवणकडे भरती थोडी आधी येते.

वेळ कळली, आता पाणी किती उतरतं तेही बघावं लागतं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं: पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो: चढणंही कमी, उतरणंही कमी. त्यामुळे अष्टमीला दुपारी बारा ही वेळ कितीही सोयीची दिसली, तरी चालत जायच्या वाटेवर गुडघाभर पाणी राहू शकतं. माझी पसंती चतुर्थी ते षष्ठी. सकाळी नऊ ते पावणेअकराच्या दरम्यान ओहोटी येते आणि उधाणाचा जोर अजून पुरता गेलेला नसतो.

दिवसातल्या दोन ओहोट्याही सारख्या नसतात, एकीला पाणी जास्त उतरतं. ते तिथीवरून कळत नाही. म्हणून गावातून तारीख तिथीने ठरवा, आणि तिथे पोहोचल्यावर भरती-ओहोटीचं छापील वेळापत्रक किंवा किनाऱ्यावरचा कोळी, यांचंच ऐका.

हे मला कसं कळलं ते सांगतो. पहिल्या खेपेला आम्ही अकराला अलिबागच्या किनाऱ्यावर उभे होतो आणि किल्ल्यापर्यंत नुसतं पाणी. पाच लेकरं, सगळी हिरमुसली. तिथल्या शहाळेवाल्याने विचारलं, "आज तिथी काय?" गाडीत माझी माय बसली होती. तिचा पौर्णिमेचा उपास होता, साबुदाण्याचा डबा मांडीवर होता. यवतमाळपासून अलिबागपर्यंत आम्ही ती तिथी सोबत घेऊन आलो होतो आणि तिला काही विचारलं नव्हतं.

७. कुलाबा किल्ल्याले पायी जाता येते म्हणतात. खरं हाय काय?

खरं आहे, ओहोटीला. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये या किल्ल्याचं बांधकाम सुरू केलं, पुढे तो कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं ठाणं झाला. आत १७५९ च्या सुमाराचं गणेश पंचायतनाचं मंदिर आहे आणि गोड्या पाण्याचा तलाव आहे. पुरातत्त्व खात्याचं तिकीट लागतं.

वेळ प्रश्न ६ प्रमाणे काढा. पाणी पूर्ण उतरायच्या दीड तास आधी निघा आणि पाणी पुरतं उतरलं की परतीला लागा. पंचमीचं उदाहरण धरलं तर साडेआठला निघायचं, दहाला किल्ला सोडायचा. लोक उलटं करतात. ओहोटीची वेळ दहा म्हणून दहाला चहा पिऊन निघतात, आणि परत येताना पाणी चढत असतं. चढणारं पाणी समोरून भिंतीसारखं येत नाही. ते खोलगट जागांतून, मागून, बाजूने भरत येतं. वाळूत आपण पाऊल टाकतो, उचलतो, आणि त्या ठशात खालून पाणी झिरपून चकाकतं. परतीच्या वाटेवर मागे वळून आपलेच ठसे बघत चला. ते भरून एक व्हायला लागले की पोरांना कडेवर घ्या आणि थांबू नका.

चपला हातात घेऊ नका, पायातच ठेवा. वाटेत धारदार शिंपले आणि शेवाळलेले खडक आहेत. घोडागाडीही मिळते, म्हाताऱ्यांना ती बरी. अडकलात तर किल्ल्यातच थांबा, पुढची ओहोटी येते. पाण्यातून घाईने निघालेली माणसंच संकटात सापडतात.

८. होडीत बसायची भीती वाटते. डुबली बिबली तं?

भीती वाटणं बरोबर आहे, तिचा उपयोग करा. लाइफ जॅकेट अंगात घालून पट्टे बांधल्याशिवाय बसू नका. १८ डिसेंबर २०२४ ला मुंबईत घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीचा अपघात होऊन माणसं गेली, तेव्हा "एवढ्याशा अंतराला कशाला" हा विचार सोडून द्या. लेकरांसाठी लहान मापाचं जॅकेट मागून घ्या. मोठ्या मापाचं जॅकेट पाण्यात लेकराच्या डोक्यावरून निसटतं. होडीत गर्दी जास्त वाटली तर पुढची घ्या. तांडेल, म्हणजे होडी चालवणारा, सांगेल तिथेच बसा, फोटोसाठी एका बाजूला गोळा होऊ नका.

जंजिऱ्याला राजपुरीहून शिडाच्या होड्या जातात. इंजिनाचा आवाज नाही, नुसतं शिड फडफडतं. घाबरलेल्या माणसाला उलट याच होडीत बरं वाटतं, हे मी दोन-तीनदा पाहिलं. तिथे शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी होड्या थोडा वेळ थांबतात.

मळमळीचं म्हणाल तर पोट अगदी रिकामं नको, तट्ट भरलेलंही नको. नजर लांब क्षितिजावर ठेवा, फोनमध्ये नको.

९. मी लहानपणापासून विहिरीत पोहतो. समुद्रात उतरलो तं चालेन ना?

नाही. आपली विहीर उभी असते, पाणी स्थिर असतं, चार हात मारले की कडा हाताला लागतो. समुद्रात पाणी स्वतः चालत असतं. ओहोटीच्या वेळी ते आत ओढतं, आणि किनाऱ्यावरून आत जाणारे अरुंद ओढे असे असतात की पट्टीचा पोहणारा समोर हात मारून थकून जातो. सापडलात तर किनाऱ्याकडे झुंजू नका. किनाऱ्याला समांतर, बाजूने पोहत त्या ओढीतून बाहेर पडा आणि मग वळा. बेटांच्या खडकाजवळ तर अजिबात उतरू नका, लाट खडकावर आपटते.

मालवणला पाण्याखालचं बघायचं असेल तर तिथे प्रशिक्षित माणसासोबत, सामान लावून उतरवतात. विहिरीतलं पोहणं तिथे कामी येतं ते एवढ्यासाठी, की नाकात पाणी गेलं तरी तुम्ही घाबरत नाही.

१०. आमच्या मायले गुडघ्याचा त्रास हाय. तिले नेता येईन काय?

सिंधुदुर्गला नेता येईल. धक्क्यावर हात द्यायला माणसं असतात, आत बरंचसं सपाट चालणं आहे. तटावर तिला चढवू नका. जंजिऱ्याला होडी दरवाजाच्या पायऱ्यांशी लागते आणि लाटेसोबत वर-खाली होत असते. नेमक्या क्षणी पाय टाकावा लागतो, ते दुखऱ्या गुडघ्याला अवघड. सुवर्णदुर्गला पाण्यातच उतरून जावं लागतं, तिथे नको. कुलाब्याला घोडागाडी. घारापुरीला लेण्यांपर्यंत पायऱ्यांची लांब चढण आहे. आणि घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात, हे विसरून मुंबईपर्यंत गेलेले लोक मला माहीत आहेत.

नऊवारी नेसणाऱ्या बायांनी कासोटा घट्ट घालावा, होडीत चढायला ते पाचवारीपेक्षा सोपं जातं. हे माझ्या मायचं मत आहे आणि मी ते डोळ्यांनी पाहिलं आहे.

११. गाडी होडीत टाकून नेता येते म्हणतात, ते कसं?

बेटावर गाडी जात नाही. पण खाड्या ओलांडायला गाडीसकट फेरीबोट मिळते, आणि किनाऱ्याने प्रवास करताना तीच मोठी सोय आहे. मुरूडकडून आगरदांडा ते दिघी, पुढे बागमांडला ते वेश्वी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड. घाटातून फिरून जायचे तास वाचतात. मुंबईत भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला जाणारी मोठी बोटही गाड्या घेते. फेरीबोटीवर हँडब्रेक ओढा आणि गाडी गिअरमध्ये ठेवा. शेवटच्या फेरीची वेळ आधी विचारून घ्या.

किनाऱ्याच्या वाळूत गाडी घालू नका. आपल्या काळ्या मातीत गाडी फसली तर ट्रॅक्टर येईपर्यंत वेळ असतो. वाळूत फसली तर भरती तुमच्यासाठी थांबत नाही.

१२. घाटाची सवय नाही. उतरताना काय काळजी घ्यावी?

ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरायचं. ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर ब्रेक तापून निकामी होतात, जळका वास आला की समजा. न्यूट्रलमध्ये तर कधीच नाही. वळणावर हॉर्न द्या, चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या. कोल्हापूरहून गगनबावड्याकडून किंवा फोंडा घाटाने उतरा, पण उजेडात.

१३. आम्ही माळकरी. तिकडं सगळं मासोळीचंच असते ना?

किनाऱ्यावरच्या बहुतेक गावांत शाकाहारी खानावळ मिळते, घरगुती जेवण आधी सांगून ठेवलं तर चांगलंच मिळतं. भात, सोलकढी, काळ्या वाटाण्याची उसळ, आंबोळी. भाकर तांदळाची असते, ज्वारीची शोधू नका. तिखटाची सवय मोडते, म्हणून आम्ही ठेचा आणि जवसाची चटणी नेतो. पहिल्या दिवसासाठी दशम्या. बंदरावर वाळत घातलेल्या मासळीचा वास येतोच. त्यावर नाक धरून तोंड वाकडं करू नका, ते त्यांचं खळं आहे.

खाणाऱ्यांनी हर्णै बंदरातला संध्याकाळचा मासळीचा लिलाव चुकवू नये. आपल्या बाजार समितीतली बोली ऐकलेल्या माणसाला तिथली बोली लगेच कानात बसते.

१४. समुद्राच्या मधात गोडं पाणी कसं काय असते?

हा प्रश्न दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूरकडून जास्त येतो आणि ते साहजिक आहे. खारपाण पट्ट्यात समुद्र शेकडो कोस लांब असून विहिरीला खारं पाणी लागतं, आणि सिंधुदुर्गात चारही बाजूंनी समुद्र असून दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तिन्ही विहिरी गोड्या.

समजायला सोपं आहे. बेटावर पडलेला पाऊस खडकाच्या फटींतून मुरतो. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, म्हणून ते खाऱ्या पाण्याच्या वर तरंगत राहतं. विहीर बेताची खोल ठेवली आणि उपसा बेताचा केला तर गोडंच मिळतं. हाव करून उपसलं की खालचं खारं वर येतं. शिवाय किल्ल्यांमध्ये पावसाचं पाणी साठवायची टाकी आणि तलाव बांधलेले आहेत, जंजिऱ्यातही आहेत. आमच्यातल्या एका दर्यापूरच्या पाहुण्याने साखरबावीत डोकावून विचारलं होतं, "हे पाणी आमच्याकडं काहून नाही?" पूर्णेच्या गाळाची जमीनच खारी, वरचं पाणी खाली जातानाच खारं होतं. पण हे सांगताना मलाही वाईट वाटलं.

प्यायचं पाणी मात्र सोबत न्या. आणि रिकामी बाटली परत आणा, बेटावरचा कचरा उचलायला गाडी येत नाही.

१५. जिथं गर्दी नाही असं एखादं बेट सांगा.

खांदेरी आणि पद्मदुर्ग. दोन्हीकडे ठरलेल्या वेळेच्या होड्यांवर विसंबता येत नाही. कोळीवाड्यात विचारून, माणसं जमवून, भाडं आधी बोलून होडी ठरवावी लागते. खांदेरीला थळहून, पद्मदुर्गला मुरूडच्या एकदऱ्याहून. दोन्ही वेळचं भाडं आणि बेटावर किती वेळ थांबणार, दोन्ही आधीच बोलून घ्या.

खांदेरीवर १६७९ मध्ये महाराजांनी तट घालायला सुरुवात केली तेव्हा मुंबईचे इंग्रज आणि जंजिऱ्याचा सिद्दी दोघेही अडवायला आले. महाराजांच्या आरमारातले मायनाक भंडारी यांनी काम थांबू दिलं नाही. बेटावर कोळ्यांच्या श्रद्धेचं वेताळाचं मंदिर आहे, १८६७ चं दीपगृह आहे, आणि दगडाने ठोकला की धातूसारखा वाजणारा एक खडक आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे जे १२ किल्ले गेले, त्यात बेटांवरचे तीन आहेत: खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि सिंधुदुर्ग.

पद्मदुर्गावर एकच गोष्ट बघा, बाकी नाही पाहिलं तरी चालेल. तटाच्या भिंतीला हात लावा. साडेतीनशे वर्षांच्या लाटांनी दगड खाऊन टाकला आहे, आत बोट जाईल इतका. पण दोन दगडांमधला चुना तसाच उभा आहे. दगड मागे गेला आणि चुना पुढे राहिला, म्हणून भिंत मधाच्या पोळ्यासारखी दिसते. आमच्यासोबत एक गवंडी होता. तो त्या चुन्यावरून अंगठा फिरवत बसला आणि परतीच्या होडीला त्याला हाताला धरून उठवावं लागलं.

वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांवर न्यायला कोणी तयार झालं तरी जाऊ नका. तिथल्या गुहांत पाकोळ्या घरटी करतात, त्यांना निवांत राहू द्यावं.

१६. रात्रीचा मुक्काम बेटावर करता येईन काय?

किल्ल्यांवर नाही. संध्याकाळी शेवटच्या होडीने परत यायचं. मुक्काम किनाऱ्यावरच्या गावात घरगुती निवासात करा. मासळी बाजार, पहाटेच्या होड्या हे सगळं तिथेच बघायला मिळतं.

१७. लेकरं शंख-शिंपले गोळा करतात. आणले तं चालते?

वाळूवरचे दोन-चार फुटके शिंपले म्हणजे काही नाही. पण प्रवाळ, म्हणजे खडकासारखे फांद्यांचे तुकडे, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली संरक्षित आहेत. काही जातींचे शंखही तसेच. मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. दुकानात विकायला ठेवलं आहे म्हणून घेऊ नका. लेकरांना शंख कानाला लावून ऐकू द्या आणि ज्या वाळूतून उचलला तिथेच ठेवायला लावा.

१८. एवढ्या लांब गेलो अन् होडीच बंद निघाली तं?

होतं असं. वारा वाढला, बंदरावर धोक्याचा बावटा लागला, की होड्या थांबतात, आणि त्या दिवशी कोणी चोरून नेतो म्हणाला तरी बसायचं नाही. प्रश्न ४ मधला रिकामा दिवस यासाठीच. दुसऱ्या दिवशी सकाळी बहुधा वारा कमी असतो, पहिल्या फेरीला उभे राहा.

तोवर जमिनीवरून बघा. हर्णैला सुवर्णदुर्ग चुकला तर किनाऱ्यावरचे कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला हे तिघे समोरच आहेत, आणि तिथून सुवर्णदुर्ग पुरता दिसतो. मालवणला चुकलं तर विजयदुर्गला गाडीने जा. तो पूर्वी पाण्याने वेढलेला होता, आता तीन बाजूंनी समुद्र आहे आणि दरवाजापर्यंत रस्ता आहे. आमच्या एका खेपेला दोन दिवस होडी सुटली नाही. शेजारच्या काकूंनी हर्णैच्या किनाऱ्यावरूनच सुवर्णदुर्गाला हात जोडले. पुढच्या वर्षी त्या स्वतः पैसे गोळा करून पुन्हा आल्या, पाण्यात उतरल्या, उंबऱ्यावरचं कासव आणि भिंतीतला मारुती पाहून आल्या.

१९. परत आल्यावर गाडीचं काही करावं लागते काय?

लागतं. खाऱ्या हवेने आणि वाळूने खालचा पत्रा गंजतो. गावात शिरायच्या आधी सर्व्हिसिंग सेंटरवर गाडी उचलून खालून गोड्या पाण्याने धुऊन घ्या, चाकांच्या वरच्या खोबणी विसरू नका. पायपुसण्या झटका. आमच्या गाडीच्या मागच्या सीटखाली तुरीच्या दाण्यांसोबत अजूनही थोडी अलिबागची वाळू निघते.